डाव्या हाताची भिंत

आई, माझ्या जळोचीच्या घरात खिडकीजवळच्या टेबलावर एक किल्ला उभा आहे. तो चुकला आहे, हे फक्त मला आणि अक्काला माहीत आहे. आधी हे सांगायला हवं, की पन्नाशीला टेकलेला तुझा मुलगा अजून खेळतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजून त्यांना पुढं सरकवायचं आणि लढाई करायची. आम्ही चौघं आहोत, सगळे एमआयडीसीत कामाला. मला हे कुणी शिकवलं नाही. फोनवर बघत, चुकत, पुन्हा करत शिकलो, आणि आता तटबंदी करायची म्हटली की बाकीचे तिघं माझ्याच तोंडाकडं बघतात.

या वेळी वाळवंटातला किल्ला घेतला. तसल्या मुलखात दगड कमी, म्हणून सगळं मातीचं: जाड भिंती, वर निमुळते होत गेलेले चार बुरूज, एकच दरवाजा. कारखान्यात यंत्रांच्या खोक्यांतून येणारे फोमचे तुकडे कापून सांगाडा केला. तटाची उंची पाच माणसांची, म्हणजे माझ्या मापानं चौदा सेंटिमीटर. दरवाजा दोन मिलिमीटर जास्त रुंद झाला म्हणून पूर्ण भिंत टाकून दिली. मग गावाकडनं, वडगावहून पांढरी माती आणली, चहाच्या गाळणीनं तीनदा चाळली, सुताराच्या गोंदात कालवली. खऱ्या लिंपणासारखं तूस घातलं असतं तर या सैनिकांच्या मानानं ते ओंडके दिसले असते, म्हणून काथ्या बारीक कातरून घातला. आणि लिंपताना दात घासायच्या जुन्या ब्रशनं तुझ्या बोटांसारखे फराटे काढले, एकावर एक, कमानीसारखे. तिघांतला एक म्हणाला, "आरं, वाळवंटातला म्हणतोस आणि भिंत तर आपल्या वडगावची दिसतीया." मी दिवसभर अभिमानानं फुगून होतो.

वडगावचं घर. दसरा चार दिवसांवर आलाय. तू पदर खोचून भिंतीसमोर उभी आहेस, घमेल्यात माती, आणि मी खाली बसून गोळे करून देतोय. एका ठिकाणी उंचवटा राहिला म्हणून मी तळहातानं तो सपाट करायला जातो, तर तू मनगटावर चापट मारतेस. "भित हाय ती, आरसा न्हाय. राहू दे." मी म्हणतो, वाकडं दिसतंय. तू म्हणतेस, "मग तू सरळ चाल म्हंजी झालं." आणि हसतेस. हे सगळं माझ्यापाशी जसंच्या तसं आहे, असं मी धरून चाललो होतो. ओल्या मातीचा वास, घमेल्याच्या कडेचा पोचा, तुझ्या कोपरापर्यंत वाळत गेलेली माती. बारकाव्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हा माझा तोरा तुला माहीतच आहे.

गेल्या रविवारी अक्का इंदापूरहून आली. पिशवीतली डाळिंबं खाली ठेवली, चष्मा लावला आणि किल्ल्याभोवती फिरून आली. मी वाट बघत होतो. म्हणाली, "लई झ्याक झालंय. पर तू तर आयचं लिंपण म्हणत व्हतास."

"मग कुणाचं आहे?"

"तुजं हाय. ह्ये बघ, समदे फराटे उजवीकडं झुकल्यात. आयचे डावीकडं झुकायचे. आय डावरी न्हवती व्हय?"

मी म्हणालो, कायतरीच, ती भाकरी उजव्या हातानं थापायची. अक्कानं चष्मा काढला. "भाकरी, वाढप, हळदीकुकू समदं उजव्यानं. आजी डाव्या हातावर उलथनं मारायची, इसरलास? भित तेवढी डाव्या हातानं. म्हणायची, भितीला कोण इचारतंय कंचा हात हाय त्ये."

मी दोन मिलिमीटरसाठी भिंत टाकून देणारा माणूस, आई. आणि तुझा हात कोणता, हे मला आठवलं नाही. खाली बसून गोळे देत होतो ते कुठल्या हातात देत होतो?

ताडून बघायला भिंत उरलेली नाही, हेही माझंच काम. नोकरी नवी होती, मुलगी बघायला जायचं चाललं होतं, तिच्याकडचे घर बघायला येणार होते. तू अक्काकडं डाळिंबाच्या तोडणीला गेलीस आणि आठ दिवसांत मी चारही भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला, धार लावल्यासारखे कोपरे. तू आलीस, पिशवी उंबऱ्यातच ठेवलीस, भिंतीवर तळहात टेकवलास. "गार हाय," एवढंच म्हणालीस. पुढच्या दसऱ्याला तू सवयीनं माती भिजत घातली होतीस. मग घमेलं उचलून गोठ्याकडं गेलीस आणि शेळ्यांची भिंत लिंपलीस. मी मोटरसायकलवरूनच ओरडलो, "आता कशाला हात घाण करतीस?" तू वळून बघितलं नाहीस. त्यानंतर माती भिजवली नाहीस, आणि तिसरा दसरा तुला मिळाला नाही. गोठा पुढं पावसानं बसला.

अक्का गेल्यावर मी मागचा एक बुरूज खरवडला. गोंद घातलेली माती पाण्यानं सुटत नाही, पातं लावावं लागलं, फोमही निघाला. मग ब्रश डाव्या हातात धरला. फराटा मध्येच तुटतो. सहाव्यांदा एक कमान नीट आली, डावीकडं झुकलेली. ती बघून मी ब्रश ठेवला. बाकी किल्ला तसाच राहील. तो माझा आहे, अक्का म्हणाली ते खरं.

हा कागद ब्रशांच्या डब्यात जाईल, दुसरीकडं कुठं जाणार. पण एक राहिलं. त्या वर्षी अक्कानं तुला आपणहून तोडणीला बोलावलं नव्हतं. मीच तिला निरोप धाडला होता, तोडणीचं निमित्त करून आईला आठ दिवस बोलावून घे म्हणून. तिला वाटलं, तुला विसावा मिळावा म्हणून सांगतोय. सगळ्यांना मी आजवर सांगत आलो, आईला अचानक खूश करायचं होतं. तसं नव्हतं. तू घरात असतीस तर भिंतीसमोर उभी राहिली असतीस, आणि मला तुला बाजूला सारावं लागलं असतं, हे मला तेव्हाच माहीत होतं.