विमानाचा अबोला

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, विमानाचं काय झालं?" मी "चाललंय" म्हणालो आणि विषय बदलला. फोनवर मला सुचत नाही, तुला ठाऊकच आहे. आपल्या घरात बोलण्याचं खातं तुझ्या आईकडे होतं. म्हणून लिहायला बसलो.

आईचं विमान घ्यायला आपल्या फ्लाइंग क्लबमधले डेंटिस्ट तयार आहेत. भला माणूस आहे. तूही म्हणालीस, विकून टाका, तुम्हाला झेपणार नाही. पण विकण्याआधी मेकॅनिकने तपासणी केली, तर ट्रान्सपाँडर मुका निघाला. रडारने हाक मारली की "मी अमुक, एवढ्या उंचीवर" असं उत्तर देणारी ती डबी. ती गप्प राहिली की टॉवरला आपण कोण, किती वर, काही कळत नाही, आणि आपल्या धावपट्टीवरून तिच्याशिवाय उडू देत नाहीत. मेकॅनिकने बरीच खटपट केली. शेवटी म्हणाला, "गेली साहेब. बाईंच्या मागोमाग गेली." मग त्यानेच जीभ चावली. मी म्हटलं, असू दे, चहा घे.

मला विमान चालवायला कधी जमलं नाही. जमीन सुटली की तळहात ओले व्हायचे. आई चालवायची, मी आपला उजव्या सीटवर नकाशा धरून. पण तिथे एक काम माझं होतं. जमिनीवर असताना डबी झोपवून ठेवायची आणि उडायच्या वेळी बटण फिरवून जागी करायची, ही आपल्या क्लबची पद्धत. आईला बाकी सगळं तोंडपाठ, हे बटण मात्र हमखास विसरायची. ते मी फिरवायचं, असं न बोलताच ठरून गेलं. तुझ्या कॉलेजवरून आमचं वाजलं होतं तो दिवस आठवतो? तू मागे बसून हसू दाबत होतीस. आई बटण विसरली आणि मी हाताची घडी घालून बसून राहिलो. टॉवरवरून आवाज आला, "बाई, दिसत नाही आहात. साहेबांशी अबोला आहे का?" आई म्हणाली, "तुम्ही वाऱ्याचं सांगा." मग माझ्याकडे न बघता, "फिरवा आता. गावभर झालं." तेव्हापासून टॉवरवाले दर खेपेला विचारायचे, "आज सलोखा आहे ना?"

असो. मेकॅनिकने तीन पर्याय पुढे ठेवले. मोठ्या पडद्याचा, सगळं दाखवणारा. तो बघून मी हातच जोडले. अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुसरा आपल्यासारखाच, मोडीत काढलेल्या विमानातला. जुन्या खाचेत सरकवला की काम झालं. "विकायचंच आहे, तर हाच बसवा," मेकॅनिक म्हणाला, "पण जुनं ते जुनं. आज बोलेल, उद्या रुसेल." तिसरा नवा, साधा, मुठीएवढा. उंची मोजायची सोय त्याच्या पोटातच, आणि आपली अँटेना त्याला चालते, त्यामुळे मजुरी वाचते. शिवाय विमानाने जमीन सोडली की तो आपला आपण जागा होतो. बटण फिरवावं लागत नाही. मी आठवडाभर विचार केला. मेकॅनिक वैतागला. "साहेब, मुलीचं स्थळ बघताय का?" म्हणाला.

मी नवा घेतला. विमानाचं रंगकाम पुढे ढकललं.

रविवारी क्लबच्या शिक्षकांनी एक फेरी मारली. मी उजवीकडे. चाकांनी जमीन सोडली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. डबी आधीच जागी झाली होती, उंचीचे आकडे चढत होते. शिक्षकांनी विचारलं, "काही हवंय का?" मी नाही म्हटलं. टॉवरवरून आवाज आला, "छान दिसताय." सलोख्याचं या खेपेला त्यांनी विचारलं नाही, मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

विकायचं असतं तर मोडीतलाच बसवला असता, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. डेंटिस्टना मी काल नाही म्हणून सांगितलं. तुझ्याशी न बोलता केलं, रागावू नकोस. आईने तुला त्याच विमानात उडायला शिकवलं, आणि ती गेल्यापासून तू हँगरकडे फिरकली नाहीस. का, ते मी विचारणार नाही. मीही अजून तिचं कपाट उघडलेलं नाही. पण कधीतरी तुला वाटेल, आणि तेव्हा विमान हवं. तू म्हणालीस तर मी शेजारी बसेन, आता मला तिथे काही काम नसलं तरी. मात्र पुढेमागे तुला एकटीनेच जावं लागेल. तू आईचीच लेक, बटण विसरणारच. तेव्हा शेजारी कोणी असो-नसो, तू खालून दिसत राहिली पाहिजेस.

सवडीने ये. मी इथेच आहे.

तुझाच,
बाबा