खालचा तुकडा आणि मोरीची झडप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण अर्थशास्त्र घेऊन बी.ए., धंदा शेती, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. ज्यांनी आजवर ती करून पाहिली त्यांना विचारून खात्री करून घ्यावी. सर्वांची कागदोपत्री नावे आणि जमिनीच्या हद्दी वकिलांनी सोबतच्या पानावर दिल्या आहेत. इथे मी माणसांना ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहिणार आहे, म्हणजे "हे माझ्याबद्दल नसेल" असे कोणाला म्हणता येणार नाही.

१. राहते घर सूनबाईच्या एकटीच्या नावे करावे. मुलाच्या नावे नाही, दोघांच्याही नाही. शेती करणाऱ्याला कधी ना कधी काहीतरी गहाण ठेवायची बुद्धी होते. त्या दिवशी डोक्यावरचे छप्पर त्याच्या हातात नसावे. सूनबाई म्हणाली की लोक नावे ठेवतील. ठेवू देत, लोक घराची कौले बदलायला येत नाहीत. मागची खोली ताई येईल तेव्हा ताईची. त्या खोलीत नारळ रचून ठेवू नयेत. ही सूचना कोणासाठी आहे ते सूनबाईला कळेल.

२. घरामागची नारळाची बाग माझी मुलगी, म्हणजे ताई, हिला द्यावी. ती शहरात परिचारिका आहे. बागेतली निम्मी झाडे तिच्या पगारातून लागली आहेत, त्यामुळे मी तिला काही देत आहे असा आव आणत नाही. तिचे तिला परत करत आहे. बाग मुलाने कसावी आणि उत्पन्न दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. नारळ झाडावर असताना दलालाला विकू नयेत. उतरवावेत, समोर मोजावेत, मग भाव बोलावा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे दलाल विचारेल. नाही, म्हणून सांगावे. त्याला वाईट वाटत नाही, त्याला सवय आहे.

३. पंप, फावडी आणि वजनकाटा मुलाला. काटा उसना देऊ नये. गेलेला काटा बिघडूनच परत येतो. माझे विळे सूनबाईला, तिची मूठ माझ्याएवढीच आहे.

धाकट्या दिरांनी टेकडीवरचा आपला वाटा हॉटेलवाल्यांना विकला आणि तेव्हापासून चारचौघांत बसले की शेतीत आता काही राहिलेले नाही असे ते सांगतात. त्यांच्यापुरते खरेच आहे. त्यांना माझी कॉलेजची अर्थशास्त्राची पुस्तके द्यावीत. जमिनीवरच्या प्रकरणात मी पेन्सिलीने खूण केली आहे. बाकी काही देऊ नये.

४. पोस्टातली ठेव बांधाच्या डागडुजीसाठी आहे. दगड-मातीसाठी, माझ्या मागे जेवणावळी घालण्यासाठी नाही. माझ्या नावाने कोणाला जेवायला घालायचेच असेल तर बांधावर माती टाकायला येणाऱ्यांना घालावे, आणि माती टाकून झाल्यावर घालावे.

५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

आमची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. खारे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आहे. बांधाला एक मोरी आणि मोरीला लाकडी झडप. ओहोटीला झडप उघडून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरती चढायच्या आत ती लावून घ्यायची. मोरीच्या तोंडाशी जाळे लावले की मासे मिळतात, आणि जो झडप राखतो त्याचे ते मासे. भात वर्षातून एकदा, नारळाचा भाव बाजाराच्या लहरीवर. घरात रोख पैसा खेळतो तो या जाळ्यामुळे. अडचण एकच. झडप लावायला जरा उशीर केला की पाण्याबरोबर मासे जास्त येतात, आणि मीठही.

म्हणून सासऱ्यांच्याही आधीपासून नियम असा, की ज्याचे शेत सर्वांत खाली, झडप त्याच्याकडे. माशांच्या लोभाने त्याने लबाडी केली तर पहिले त्याचेच भात जळणार. पहारेकऱ्यावर वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही. पदवी घेऊन या घरात आले तेव्हा इतकी सुबक व्यवस्था मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. सर्वांत खालचा तुकडा आमचा आहे.

मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे राहिले होते तेव्हा मुलाने हिशेब मांडला. तुकड्यात तोटा दिसला, झडपेत फायदा. त्याने तुकडा स्वतःकडे ठेवला आणि जाळ्याची बोली लावून झडप बाहेरच्या एका ठेकेदाराला दिली. एका कागदावर ज्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात त्या जमिनीवरही वेगळ्या असतात असे त्याला वाटले. ठेकेदाराला शेत नव्हते. शेत नसलेला माणूस जे करील तेच त्याने केले, आणि मासे कमी झाल्यावर निघून गेला. मी परत आले तेव्हा भाताची पाने टोकापासून पिवळी पडत होती. आमची, आणि आमच्या वरच्या शेतांतलीही.

त्या वरच्या शेतांपैकी मधला तुकडा शेजाऱ्यांचा. त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, कारण एकदा सुरू झाले की बंद करायचे बटण सापडत नाही. माझे आणि त्यांचे हद्दीच्या एका वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरले की भरेल एवढ्या पट्टीवरून फार जुने भांडण आहे. ती पट्टी माझीच आहे. हे मृत्युपत्रात लिहिले म्हणजे विषय संपला असे मी समजते. पण खारे पाणी शिरल्यावर त्यांच्या शेतात काही पिकेना, आणि उतारवयात ते दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला गेले. आमच्या घरावरून जाताना तेवढे दिवस त्यांनी तोंड उघडले नाही. गावाला वाटले माणूस आजारी आहे.

मीठ धुवायला पावसाशिवाय इलाज नाही. शेतात पाणी साठवायचे, मुरू द्यायचे, ओहोटीला सोडायचे, पुन्हा साठवायचे. हे मुलाने केले, आपल्या तुकड्यात आणि न सांगता वरच्या शेतांतही. दिरांनी त्याला हॉटेलात नोकरी देऊ केली होती, पगार महिन्याच्या महिन्याला. तो गेला नाही. आता भात पुन्हा उभे राहू लागले आहे. पण गावाचे म्हणणे असे की माझ्यामागे झडप त्याच्या हातात जाऊ नये, आणि हे म्हणणे गैर आहे असे मला म्हणता येत नाही.

मी कागद लिहायला बसले आहे ही बातमी लागताच रेडिओ आले. पायरीवरच बसले.

"वहिनी, झडपेचं काय केलंत तेवढं सांगा. बाकी मला काही ऐकायचं नाही."

मी गेल्यावर कळेल, असे मी म्हटले.

"तुम्ही सुटाल हो. आम्हाला भात खायचंय की होडी ओढायची आहे, ते तुमच्या त्या कागदात आहे."

वकिलांचा सल्ला होता की वाद टाळण्यासाठी तुकडा एकाला द्यावा, झडप दुसऱ्याला, म्हणजे मुलांत समान वाटणी दिसेल. वकील चांगले आहेत, पण ते चौथ्या मजल्यावर राहतात.

मी कोणालाही काही न सांगता मुलाला विचारले. तो अंगणात जाळे शिवत बसला होता.

"झडप कोणाला देऊ?"

त्याने मान वर केली नाही. "रेडिओकाकांना दे."

"आणि तुकडा?"

"तोही त्यांनाच. नुसती झडप देऊ नकोस आई. दोन्ही एका हातात राहू देत."

"मग तू काय करणार?"

"ताईची बाग आहे ना. तिला विचारीन, कामाला ठेवशील का म्हणून."

सबब, खालचा तुकडा आणि मोरीची झडप, जाळ्याच्या हक्कासह, मी माझ्या मुलाला देत आहे. दोन्ही त्यालाच. हे बक्षीस नाही. दोन्ही वेगळी केली की काय होते हे अख्ख्या बांधावर त्याच्याइतके कोणाला कळलेले नाही, म्हणून.

अट अशी: यातली एक गोष्ट दुसरीशिवाय विकू, गहाण ठेवू किंवा खंडाने देऊ नये, आणि जाळ्याची बोली कधीही लावू नये. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकेलच असे नाही. मी म्हटले, बांधावर टिकली तरी पुरे.

अट मोडल्यास दोन्ही गोष्टी ताईकडे जाव्यात.

या ओळीत "ताईकडे" या शब्दाआधी एक नाव खोडलेले आहे व तिथे माझी छोटी सही आहे. त्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. तिथे मी रेडिओंचे नाव लिहिले होते. त्यांचे नुकसान झाले होते, तेव्हा पुढचा हक्क त्यांचा, असा माझा विचार. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांना बोलावले तेव्हा वकिलांनी अडवले. ज्याला कागदातून लाभ मिळू शकतो त्याला त्या कागदावर साक्षीदार होता येत नाही. रेडिओंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि ते कलम वाचले. मुलाने दिलेली उत्तरेही वाचली. मग मला म्हणाले,

"हे काय करून ठेवलंत वहिनी? माझं नाव राहिलं तर दर भरतीला मी बांधावर उभा राहून तुमच्या पोराच्या चुकीची वाट बघायची. शेजारधर्म म्हणतात याला?"

मी म्हटले, नुकसान तुमचे झाले होते.

"झालं होतं. ते त्यानं धुतलं, मी बघत होतो होडीवरून. नाव खोडा. मला सही करू द्या."

ताईला फोन केला. ती म्हणाली, "आई, मला तो चिखल नको गं." ज्याला तो नको आहे त्याच्याच नावापुढे तो सुरक्षित राहील, म्हणून तिचे नाव कायम केले. तिचाही रुकार मिळाला, कुरकुरत.

मी हे सर्व पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवले आहे. मुलगा हजर नव्हता. ओहोटी लागली होती, तो झडपेवर गेला होता. त्याला बोलवायला कोणालाही पाठवू दिले नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची पडवी.
तारीख: अकरा नोव्हेंबर, सकाळ. वर्ष शिक्क्यावर आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:

१. (सही) शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी सही माझ्यासमोर केली, मी त्यांच्यासमोर.

२. (सही) शेजारी, मधल्या तुकड्याचे मालक. या कागदात मला काही मिळत नाही हे नीट वाचले. हद्दीची पट्टी माझी आहे. बाकी सर्व मान्य.