पाताळाचं माप

३ फेब्रुवारी

लबीबसर टीव्हीवर! आणि बोलत काय होते — शी. पिरॅमिड म्हणे पाताळाचा नकाशा. मेल्यावर सूर्याच्या होडीतून रात्रीचे बारा तास पार करायचे, त्या तासांच्या लांब्या पाताळाच्या ग्रंथांत दिल्यात, आणि त्याच लांब्या पिरॅमिडच्या उंचीत नि बोगद्यांत लपवल्यात. गेलेलं माणूस आज कुठवर पोहोचलं, हेही म्हणे त्यावरून काढता येतं. निवेदिका माना डोलावत होती.

हेच सर! वर्गात कुणी पिरॅमिडच्या मापांतून गूढ काढायला लागलं की म्हणायचे, "ऊठ. बाहेर उंटवाले आहेत, त्यांना सांग." त्यांच्याच हाताखाली मी प्राचीन इजिप्तचं शास्त्र शिकले, आज तेच शिकवते. पुढ्यातले तामियाचे वडे गार झाले. खाववेना.

४ फेब्रुवारी

आई म्हणते, "तुझे सर टीव्हीत छान दिसतात. जरा वाळलेत." एवढंच दिसलं तिला.

७ फेब्रुवारी

त्यांचा हिशेब तपासला. किळस आली. खुफूच्या पिरॅमिडची उंची एकदा पूर्वीची धरायची, टोक शाबूत असतानाची. पुढच्याच ओळीत आजची, टोक पडल्यावरची. इथे हात, तिथे मीटर. जमेल ते घ्यायचं, जमणार नाही ते गिळायचं. शिवाय तासांचे हे ग्रंथ लक्सरच्या थडग्यांत सापडतात, खुफूनंतर हजार वर्षांनी. खुफूच्या दालनाच्या भिंती कोऱ्या आहेत! हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. चूक असती तर मी गप्प बसले असते. ही धडधडीत लबाडी आहे.

९ फेब्रुवारी

वाहिनीचा फोन. सरांच्या समोर बसून बोलाल का? विभागातला सफवत म्हणाला, "जाऊ दे ना, इन्शिराह. बायको जाऊन महिनाही झाला नाही त्यांना." म्हणूनच तर जास्त शिसारी येते! तहियाकाकूंच्या कबरीवरची माती अजून वाळली नाही आणि हे तोंडाला पावडर फासून बसतात. मी होकार देऊन टाकला.

१२ फेब्रुवारी

आधी तोंडावर सांगावं म्हणून दुक्की भागात सरांच्या घरी गेले. घरभर वायरी आणि दिवे. चित्रीकरणाला जागा हवी म्हणून काकूंचा पलंग भिंतीला उभा टेकवलेला. म्हटलं, सर, मी तुमची गय करणार नाही. चिडले नाहीत.

"सगळे आकडे तपासलेस?"

"सगळे."

"मग ये. मला एकट्याला आता नाही जमत."

म्हणजे या तमाशात मलाही वाटा! कोडगेपणाची कमाल झाली. चहा तसाच ठेवून निघाले.

१५ फेब्रुवारी

फाडलं त्यांना. एकेक आकडा घेऊन. पूर्वीची उंची, आजची उंची, हात, मीटर — सगळं प्रेक्षकांसमोर मांडलं. लोक हसले. खोटं कशाला लिहू, मजा आली मला. सर तेवढा वेळ खाली मान घालून माझे आकडे कागदावर उतरवत होते. निघताना निर्मात्याने खांद्यावर थाप मारली — बाई, पुढच्या आठवड्यात पुन्हा याल का? घरी येऊन आधी अंघोळ केली.

१७ फेब्रुवारी

सरांचं तोंड गाढवाला लावलेलं चित्र सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. ज्यांना त्यांनी डॉक्टरेट मिळवून दिली तेही हसतायत. मी पुसलं. तिघांनी पुन्हा पाठवलं. घाण नुसती.

२४ फेब्रुवारी

काकूंचा चाळिसावा दिवस. न जाणं बरं दिसलं नसतं. कबरीपाशी सर काकूंच्या नावाने आल्यागेल्याला गोड पाव वाटत होते. माझ्या हातावर दोन ठेवले आणि मला बाजूला घेतलं.

"तुझंच बरोबर होतं. माझी उंची चुकली. मी धरून चाललो होतो की आजपर्यंत तहिया अकराव्या तासात गेली असेल. तुझ्या मापाने दुसऱ्यातच अडकते गं. तिला अंधाराची भीती वाटते." मग कागद आणि पेन माझ्यापुढे केलं. "तू मोज, पोरी. तुझं चुकणार नाही."

मी पाव पिशवीत टाकले, पेन घेतलं. टोकासकट उंची धरली, जिथे बसेना तिथे टोक उडवलं. हाताचे मीटर केले. सर कागदावर वाकून एकेक ओळ बघत होते, एकदाही टोकलं नाही.

म्हटलं, "बाराव्यात आहेत काकू. पहाट झालीच."