स्पीकरवरच्या आत्याबाई

१९ मे, सोमवार

मंजूर झालं! सरकारी योजनेतून सहा महिने मदत मिळणार. सिद्धोधनला सांगितलं (समोर मी नवऱ्याचं नाव घेत नाही, इथं घेते — वही माझी आहे!) तर नुसता "बरं" म्हणाला. सेलूला तो कामाला होता ती कापसाची जिनिंग मिल बंद पडल्यापासून तो "बरं"च्या पुढं बोलतच नाही.

मदतीला अट आहे. घरातल्या एका बाईनं ते नेमून देतील तिथं काम शिकायचं, रोज जायचं. मला वाटलं, मीच! बी.ए.चं दुसरं वर्ष झालेली घरात मी एकटी. पण सृष्टी अजून दीड महिन्याची, अंगावर पिते. मग राहिलं कोण? माझ्या सासूबाई. आत्याबाई.

योजनेच्या ऑफिसात राजेश्री मॅडमनी विचारलं, "कमलबाई, तुम्हाला काय काय येतं?"

आत्याबाई म्हणाल्या, "वरडता येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

२६ मे

कळलं काय लिहून घेतलं ते. बसस्टँडवर गाड्या पुकारायचं काम! आमचं घर स्टँडच्या भिंतीला लागूनच. म्हणजे आत्तापर्यंत आत्याबाईंचा आवाज घरात होता, आता बाहेरूनही येणार.

३० मे

घरात सराव चालू आहे. आज जेवायला वाढताना — "भाकरी फलाट क्रमांक दोनवर लागत हाय. सिद्धोधन, ताट सरकव." तो हसला! कितीतरी दिवसांनी.

२ जून, सोमवार

पहिला दिवस. गल्लीतल्या सगळ्या बाया भिंतीपाशी येऊन थांबल्या. मीही, सृष्टीला छातीशी धरून. बराच वेळ नुसती खरखर. मग फूऽ फूऽ. मग अख्ख्या स्टँडवर —

"ओ साहेब, हे चालू हाय का बंद?"

चालू होतं.

"सेलूला जानारी गाडी लागलीय. दमानं चढा. जागा धरायला खिडकीतून दस्ती टाकू नका, आधी म्हातारी मानसं चढवा."

स्टँडवर टाळ्या पडल्या म्हणे. संध्याकाळी आत्याबाई घरी आल्या त्या जमिनीला पाय न लागता आल्या. चहासुद्धा उभ्यानंच प्यायल्या.

१० जून

आज हद्द झाली! मी सृष्टीला झोपवत होते. स्पीकरवर — "पाथरी गाडी पंधरा मिन्टं लेट हाय. संघप्रियाऽ, गॅसवर दूध ठेवून आलेय, बग बरं!"

पळत गेले. दूध उतू गेलेलं. पण ते महत्त्वाचं नाही. सगळ्या तालुक्याला माझं नाव आणि माझं दूध माहीत झालं!

संध्याकाळी भाजीवाला विचारतो, "वहिनी, दूध वाचलं का?"

१३ जून

"वालूर गाडी फलाट तीन. सिद्धोधन, उठला का न्हाई?"

सिद्धोधन उठला. शेजारचा पोरगाही उठला. त्याची आई म्हणते, रोज पुकारा की कमलबाई, आमचंबी काम होतंय.

मला हसू येत नाही. मी त्यांना सांगितलं, "आत्याबाई, घरातलं स्पीकरवर नका बोलू." तर म्हणतात, "मग घरापातुर यिऊन बोलू का? गाड्या कोन पुकारील?"

४ जुलै

पहिले पैसे जमा झाले. घरभाडं दिलं. गॅस भरला. सृष्टीचं औषध आणलं. आत्याबाईंनी बँकेतून येताना माझ्यासाठी गजरा आणला, मला न विचारता केसात खोचला. मग म्हणाल्या, "केस इंचरत जा की जरा." त्यांचं प्रेम असंच येतं — मागून एक टपली घेऊन.

सिद्धोधन भाड्याची पावती हातात घेऊन दारात बसून राहिला. "आई कमवायलीय अन् मी खायलोय," म्हणाला. मी सृष्टीला त्याच्या मांडीवर ठेवलं.

९ जुलै

राजेश्री मॅडमनी सिद्धोधनलाही बोलावलं. मदतीत घरातल्या बेकार माणसालाही काम शिकवतात म्हणे. जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायला शिक, हंगामाला नव्या मिलमध्ये लावू, असं म्हणाल्या. तो म्हणाला, "बरं." पण आजचं बरं वेगळं होतं.

१८ जुलै, शुक्रवार

एका प्रवाशानं तक्रार केली. पॅन्टशर्टवाला, रोज जाणारा-येणारा. "हे स्टँड आहे का यांचं स्वयंपाकघर?" स्टँडचे कंट्रोलर बालाजी साहेब आत्याबाईंना म्हणाले — पुन्हा घरचं एक वाक्य आलं तर मला वर कळवावं लागेल. काम जाईल. कामाबरोबर मदतही.

आत्याबाई जेवल्या नाहीत. "लेकराच्या घासात मी माती कालवली," एवढंच बोलल्या.

आणि मी? महिनाभर मीच मनात म्हणत होते ना, बंद पडो तो स्पीकर! आता म्हणतेय, चालूच राहो!

२१ जुलै

मी कागदावर पुस्तकी वाक्यं लिहून दिली. आत्याबाई नववी शिकलेल्या, वाचतात चांगलं. आज दिवसभर — "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. सेलूकडे जाणारी बस फलाट क्रमांक एकवर उभी आहे." शाळेतल्या पोरानं पाठ म्हणून दाखवावी तसं. मधे श्वास नाही, चढ नाही, उतार नाही.

दूध मी स्वतःच वेळेवर उतरवलं. तरी कान भिंतीकडंच.

२८ जुलै

आज गंमतच! वालूरच्या दोन म्हाताऱ्यांची गाडी चुकली. बालाजी साहेब त्यांना म्हणाले, "अहो, तीनदा पुकारलं की!" तर म्हातारी म्हणते, "ती कोन बोलली आमाला काय म्हाईत? आमच्या कमलबाईनं सांगितलंच न्हाई! आमी तिच्या आवाजाची वाट बघायलो."

कमलबाईच बोलत होत्या ते.

मग बालाजी साहेब स्वतः पुकारायच्या खोलीत गेले. "बाई, तुमच्यासारखं बोला. फक्त दूध नको."

संध्याकाळी गाडी पुकारली ती अशी — "वालूरच्या म्हाताऱ्या हो, ही तुमची गाडी! आता चुकली तर माज्या नावानं बोंबलू नका!"

मी भिंतीच्या ह्या बाजूला एकटी हसले. मोठ्यानं.

८ ऑगस्ट

आत्याबाईंनी नवं भांडण शोधलं. वालूर गाडीचे ड्रायव्हर धम्मानंद — पन्नाशीचे, बायको वारलेली, चहाच्या टपरीवरून हलत नाहीत म्हणे. आज स्पीकरवर त्यांची पार उतरवली. "वालूर गाडीचे ड्रायव्हर, च्या संपला असंल तर बशी चाटत बसू नका. पब्लिक वाट बघायलंय."

धम्मानंदांनी गाडीत चढून दोनदा हॉर्न वाजवला. स्टँड हसून लोळलं.

मला भीती — आता ते तक्रार करतात की काय!

१४ ऑगस्ट

तक्रार नाही केली. पण माणूस मुद्दाम करतोय. चहा संपला तरी तिथंच. आत्याबाईंनी पुकारल्याशिवाय गाडीकडं जात नाही. आज म्हणे पुकारून झाल्यावर टपरीवरूनच ओरडले, "अजून येकदा सांगा, ऐकू न्हाई आलं!"

आत्याबाई घरी येऊन तणतणल्या. "अकलेचा कांदा." मग आरशात बघून पदर नीट केला. नवा चष्माही घेतलाय. अक्षरं दिसत नाहीत म्हणे. पुकारायला अक्षरं कशाला लागतात?

३ सप्टेंबर

सृष्टी पालथी पडली! सिद्धोधन शिकायला गेलेला, आत्याबाई कामावर. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. तिला घेऊन सरळ स्टँडवर. खोलीच्या काचेतून आत्याबाईंना खुणेनं दाखवलं — हात असा उलटा केला. त्यांना कळलं. तोंडावर हात धरून बसल्या, माईक चालू होता ना! मग घसा साफ करून म्हणाल्या, "पाथरी गाडी लागलीय... लय चांगली गाडी हाय. बसा."

पाथरी गाडी खटारा आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. नागपूरला जादा गाड्या. पहाटेपासून स्टँडवर पांढऱ्या कपड्यांची गर्दी. आत्याबाई नवी पांढरी साडी नेसून कामावर. नागपूरची गाडी पुकारताना आवाज जरा फुटला. माझ्या सासऱ्यांबरोबर नागपूरला एकदाच गेल्या होत्या, सिद्धोधन पोटात असताना. मग ते वारले तेव्हा सिद्धोधन चौथीत होता. त्यानंतर ह्या कुठंच गेल्या नाहीत. गाव, रान, आम्ही.

जादा गाडी धम्मानंद काकांनी नेली. (आता काका म्हणते. सगळेच म्हणतात.) आज हॉर्न एकदाच, आणि लांब.

८ नोव्हेंबर

सिद्धोधन लागला! सेलूच्या नव्या जिनिंगला, मशीन दुरुस्तीवर. अंगभर कापसाचं तूस घेऊन घरी आला. दारातच सृष्टीला उचललं, ती शिंकली, हा हसला. किती बोलतो आता! पट्टा कसा तुटतो, सरकी कुठं अडकते... जेवताना ऐकून ऐकून मलाही मशीन दुरुस्त करता येईल.

आत्याबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. ताटातली भाकर तशीच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा दिवस. सहा महिने संपले, पुढं जागा नाही. बालाजी साहेबांनी वर विचारलं होतं, पण नाहीच. आत्याबाईंनी सगळ्या गाड्या पुकारल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून फळ्यावर लिवलेलं वाचा. चष्मे सोबत आना." आणि बटण बंद केल्याचा आवाज.

राजेश्री मॅडम घरी येऊन गेल्या. मदत संपली की घराची विचारपूस करतात. "आता चालेल ना तुमचं?" सिद्धोधन म्हणाला, "चालंल मॅडम. चालायलंय." मॅडमनी आत्याबाईंना विचारलं, "आणि कमलबाई, तुमचं?"

आत्याबाई चहा ठेवायला उठल्या. मॅडमचा चहा पिऊन झालेला होता.

१ डिसेंबर

घरात शुकशुकाट. आत्याबाई बोलतच नाहीत. दूध उतू गेलं — त्यांच्या डोळ्यांदेखत. त्या बघत बसल्या!

मी म्हणाले, "आत्याबाई, वरडा की मला जरा." तर म्हणाल्या, "कशापायी? दूधच हाय."

मला भीती वाटायलीय.

४ डिसेंबर, गुरुवार

धम्मानंद काका आले. घरी! डोक्याला तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात वालूरच्या बोरांची पिशवी. मला वाटलं स्टँडवर परत जागा निघाली, तेच सांगायला आले. पाणी दिलं. काका पाणी प्यायले. मी म्हणाले, काय काम काढलं काका? म्हणाले, "काम काई न्हाई. स्टँडवर लय सुनं वाटायलंय. च्याला चव न्हाई."

एवढं सांगायला एवढी इस्त्री?

आत्याबाई आतल्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. किती वाईट दिसलं! मीच माफी मागितली. काका जाताना आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "बोरं गोड हायती. इचारून बगा." बोरं खायला काय विचारायचं?

आत्याबाईंनी संध्याकाळी सगळी बोरं एकटीनं खाल्ली. मला एक दिलं नाही.

७ डिसेंबर

सिद्धोधनला म्हणाले, आईचं काहीतरी बिनसलंय, दवाखान्यात दाखवू. तो म्हणाला, बरं.

११ डिसेंबर, गुरुवार

दुपारी भाकरी थापत होते. आत्याबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. परातीतलं पीठ उगीच गोळा करत राहिल्या. मग काहीतरी म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ऐकूच आलं नाही. ह्या बाईचं बोलणं मला ऐकू आलं नाही! "काय म्हणालात?" मी विचारलं. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा नाही. तव्यावरची भाकर काढली, गॅस बंद केला, कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"धम्मानंदनी मला मागनी घातलीय. सिद्धोधन आता उभा राह्यलाय. तुज्याबिगर कुनाला इचारू, माय? करू का मी?"

हात पिठाचे होते. तसेच गळ्यात टाकले.