पहिल्या आणि दुसऱ्या गाड्याचा निकाल

मी, यशपाल मल्लाप्पा मेत्री, वय वर्षे एकाहत्तर, दूरध्वनी खात्यातला निवृत्त लाइनमन, राहणार नवनगर, हुबळी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात थरथरतो, त्यामुळे सही वाकडी येईल. तेवढ्यावरून कोणी शंका काढू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोन्ही मुले "अप्पा, आत्ताच कशाला?" असेच म्हणत राहिली. आत्ताच, कारण मी दमलो आहे.

१. माझी पत्नी कमळाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. थोरली रश्मी धारवाडला सप्तापुरात राहते आणि कॉलेजात शिकवते. तिची मुलगी आरुषी. धाकटा प्रशिक नोकरीसाठी मस्कतला असतो. या दोघांखेरीज माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क नाही. ही दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वकील योगेश पाच्छापुरे म्हणाले, "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "मग जिथे बसेल तो कागद द्या." त्यांच्याकडे तसा कागद नव्हता.

२. नवनगरचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते रश्मी आणि प्रशिक यांना समान हिश्श्याने मिळावे. ठेवायचे तर ठेवा, विकायचे तर विका. विकलेत तर मागच्या खोलीचे छत गळते हे घेणाऱ्याला आधी सांगा. आयुष्यभर लोकांच्या घरात शिरून काम केले, कोणाला फसवले नाही. शेवटी छतावरून नाव खराब व्हायला नको.

३. माझी पक्कड, कमरपट्टा आणि बाकी हत्यारे ज्याला लागतील त्याने न्यावीत. बांबूची शिडी बुद्धविहाराला द्यावी. दर जयंतीला पताका लावायला तीच नेतात आणि परत आणायला मलाच जावे लागते. आता आणायची गरज नाही. शेजारी गोविंद शिरहट्टी यांच्याकडे असलेले ड्रिल मशीन माझे आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मात्र चारचौघांत ते स्वतःचे म्हणून सांगतात, ते थांबवावे.

४. बँकेतली ठेव आरुषीच्या शिक्षणासाठी. तिला काय शिकायचे ते तिला ठरवू द्यावे.

५. माझा अंत्यविधी त्रिसरण, पंचशील म्हणून साधेपणाने करावा. पुण्यानुमोदनाला भाषणे ठेवू नयेत. माझ्याबद्दल बोलायला उठणारे लोक कोण असतील हे मला माहीत आहे, आणि ते लवकर बसत नाहीत.

६. आता गाड्याबद्दल. हे कलम लांबेल.

माझ्या टीव्हीखाली दोन मशीन आहेत आणि त्यांत एकाच गेमचे दोन भाग. डब्यावर लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात त्याला गाडा म्हणतात. निरनिराळ्या गेममधली पात्रे, कुठला बेडूक शेतकरी, कुठला पैलवान, कुठली राजकन्या, आपापले गेम सोडून इथे येतात, छोट्या गाड्यांत बसतात आणि एकमेकांना धडका देत शर्यत लावतात. पहिला भाग मी आरुषीच्या सुट्टीसाठी आणला. आरुषी आठवड्यात कंटाळली. कमळाबाई कंटाळली नाही.

तिने बेडूक धरला तो सोडला नाही. पडद्याचे दोन भाग होतात, वरचा तिचा, खालचा माझा. पण ती सारा वेळ माझ्याच भागाकडे बघायची. "अहो, वळा की. वळा म्हणते ना!" मी वळायचो, आणि तोवर तिचा बेडूक खड्ड्यात. हरेल त्याने चुरमुऱ्यांचे गिरमिट करायचे असा नियम होता. मला गिरमिट जमत नाही, त्यामुळे मी हरलो तरी तीच करायची, आणि बेडकाचा सगळा राग मिरचीत उतरायचा.

ती गेल्यावर मी मशीन लावले नाही. वर्षभराने प्रशिक रजेवर आला. मी टीव्हीसमोर नुसता बसतो हे त्याने पाहिले. तो कोप्पीकर रोडला गेला, जुने मशीन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकले आणि नवे मशीन, त्यात गाड्याचा दुसरा भाग, असे घेऊन आला. मला विचारले नाही. आमच्या घरात मिक्सर, फ्रिज, टीव्ही सगळे असेच बदलत आले आहे; जुने देऊन नवे आणणारा मुलगा शहाणा, हे मीच त्याला शिकवले.

रविवारी रश्मी आली. टीव्हीखाली पाहिले आणि पर्स न ठेवता म्हणाली, "आईचं मशीन कुठं आहे?"

"अक्का, धूळ खात पडलं होतं ते. अप्पांनी परत खेळावं म्हणून आणलंय नवं."

"तिच्या रिमोटला तिनं लाल टेप लावली होती. बटन सापडावं म्हणून. तू ते दिलंस? टेपसकट?"

"टेप दिसली नाही गं मला."

"दिसायला घरात राहावं लागतं."

एवढेच झाले. याहून मोठी भांडणे या घरात झाली आणि जेवणापर्यंत मिटली. हे मिटले नाही. रश्मी दुसऱ्या दिवशी कोप्पीकर रोडला दुकाने धुंडाळत फिरली. "इल्ल री अक्का, नाही ते, विकून गेलं असेल," असे सगळे म्हणत होते. शेवटच्या दुकानात ते फळीवर सापडले. तिने ते परत विकत घेतले आणि माझ्याकडे आणून ठेवले. प्रशिक त्याच दिवशी मस्कतला परत गेला होता.

तेव्हापासून शनिवारी रश्मी येते आणि आम्ही पहिला गाडा खेळतो. रविवारी प्रशिक तिकडून दुसऱ्या गाड्यात येतो, मी कानाला यंत्र लावतो आणि तो त्यातून बोलतो. जाता जाता दोघेही एकच विचारतात. "अप्पा, खरं सांगा, चांगला कुठला?" मी म्हणतो, दोन्ही बरे आहेत. त्यांना गाड्याबद्दल विचारायचे नसते हे मला कळते. आईला कोणी जपले, अप्पांना कोण जपते, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचे असते. पंच होऊन होऊन मी थकलो. आता एकदाच लिहून देतो.

पहिल्या गाड्यात पात्रे मोजकी, रस्ते साधे. तुम्ही वळवले तर गाडी वळते, नाहीतर खड्ड्यात जाते. रिमोटला वायर आहे. मी तारेचा माणूस. वायर असली की पलीकडे कोण बसले आहे हे बघायला लागत नाही. दुसऱ्या गाड्यात रस्ता मध्येच तुटतो, गाडीची होडी होते, होडीचे विमान होते. पाणी तर असे दाखवले आहे की पाय वर घ्यावेसे वाटतात. पात्रे ढीगभर, पण निम्मी कुलपात. उघडायची तर वेगळे पैसे भरा. बेडूक त्याच कुलपात आहे. सर्वांत मागे असेल त्याला सर्वांत मोठा बाँब मिळतो, त्यामुळे पुढे जाण्यात अर्थ नाही. एका सोफ्यावर दोघांना खेळता येत नाही. मस्कतहून मात्र खेळता येते. खेळ म्हणून पहिला सरस आहे, सोय म्हणून दुसरा. इथवर कोणीही सांगेल.

पुढचे फक्त मला माहीत आहे. माझा हात थरथरायला लागला तेव्हापासून पहिल्या गाड्यात मी एका वळणावर हटकून खड्ड्यात जातो. रश्मी स्कूटरवरून हुबळी-धारवाड ये-जा करते, बस आणि ट्रक यांच्या मधून वाट काढते. ती रश्मी त्याच वळणावर माझ्या आधी खड्ड्यात जाते, प्रत्येक फेरीत, आणि म्हणते, "छे, हे वळणच वाईट आहे."

दुसऱ्या गाड्यात मी कधीच पडत नाही. मला वाटले हात सुधारला. एका रविवारी मध्येच दाराची घंटा वाजली. मी रिमोट सोफ्यावर ठेवला, दूधवाल्याशी बोललो, परत आलो, तर माझी गाडी आपली आपण वळणे घेत चालली होती. मी पाचवा आलो. प्रशिक कानात म्हणाला, "वा अप्पा, शेवटचं वळण काय घेतलंत." मदतीचे कसलेसे बटन त्याने आधीच चालू करून ठेवले होते. खूप बरे वाटले आणि रडूही आले, म्हणून दूध तापवायला गेलो.

रश्मी, तुझ्या भावाला अप्पांची किंमत नाही असे तू म्हणतेस. प्रशिक, अक्का जुन्या वस्तूंना कवटाळून बसली आहे, माणसाकडे बघत नाही, असे तू म्हणतोस. दोघांनीही वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत.

७. पहिला गाडा, मशीन, दोन्ही रिमोट आणि लाल टेप यांसह, प्रशिकला द्यावा. दुसरा गाडा रश्मीला द्यावा. उलटे लिहिले गेले असे वाटून वकिलांनी दोनदा विचारले. उलटे नाही. दोघांनी एकत्र बसून खेळले तरच घर मिळेल अशी अट घालू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. अट घालून बसवलेली माणसे घड्याळाकडे बघतात.

८. निकाल. मला दोन्ही गाडे आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. पहिल्यात डोके दुखते, दुसऱ्यात मळमळते. गाडा तुमच्या आईला आवडायचा, आणि ती शेजारी बसायची म्हणून मी खेळायचो. पुढे शनिवारी रश्मी शेजारी बसायची आणि रविवारी प्रशिक कानाशी असायचा, म्हणून खेळत राहिलो. दोघांनी मला जिंकवायला फार कष्ट घेतले. आता ते करावे लागणार नाहीत. कोणासाठी खड्ड्यात जाऊ नका, ते मदतीचे बटन बंद करा, आणि एकदा एकमेकांना खरोखर हरवा.

हा मजकूर मला वाचून दाखवला; तो माझाच आहे, म्हणून दोन साक्षीदारांदेखत सही करतो.

(सही) यशपाल मल्लाप्पा मेत्री

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) स्वप्नील बसवंत कोलकार, नवनगर
साक्षीदार २: (सही) अंबूताई दशरथ तळवार, नवनगर

स्थळ: हुबळी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५