राजूर केंद्राच्या राउटरला ग्राह्य पत्ता देणेबाबत

प्रति,
मा. नेटवर्क अधिकारी,
डोंगरमाया दूरवैद्यक सेवा,
सावेडी कार्यालय, अहिल्यानगर.

विषय : माझ्या मुलीच्या हृदयतपासणीची चित्रफीत डॉक्टरांपर्यंत न पोहोचणे.
संदर्भ : माझ्या तीन तक्रारी, तिन्ही 'निकाली'.

महोदय,

१. माझी मुलगी संस्कृती आठ महिन्यांची असून तिच्या हृदयाला छिद्र आहे. तिला प्रवास झेपेल की नाही, हे सावेडीचे डॉक्टर इकोची चित्रफीत पाहूनच ठरवणार आहेत. राजूर केंद्रातून ती सहा दिवसांत चार वेळा पाठवली. त्यांच्या पडद्यावर अजूनही 'येत आहे' एवढेच दिसते.

२. केंद्रातील ऑपरेटर सहादेव म्हणतात, "ताई, लाईन लई भारी हाय, पिंग जातोय की!" पिंग म्हणजे लाईन चालू आहे का एवढेच पाहणारा इवलासा संदेश; तो छोटा असतो म्हणून जातो. मी बी.एस्सी. (संगणक) झालेली आहे. त्यांच्याशेजारी बसून लहानमोठ्या फायली पाठवून पाहिल्या. लहान जातात, मोठ्या वाटेत नाहीशा होतात.

३. कारण असे : आपल्या नव्या राउटरपुढची लाईन अरुंद आहे. फायल तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जाते; मोठे पॅकेट आले की राउटर ते टाकून देतो आणि 'लहान करून पाठवा' असा निरोप मागे धाडतो. पण त्या निरोपावर पाठवणारा म्हणून आतल्या वापराचा, बाहेर ग्राह्य नसलेला पत्ता असतो. आपलीच फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखणदार यंत्रणा, तो निरोप खोटा समजून अडवते. केंद्राचा संगणक तेवढेच मोठे पॅकेट पुन्हा पाठवत राहतो. चूक कोणालाच दिसत नाही.

४. पेनड्राइव्हला आपली बंदी आहे. संगणकाच्या सेटिंगला आपला पासवर्ड आहे, म्हणून पॅकेट इथे लहान करता येत नाही. सासूबाई लंकाबाई रोज विचारतात, "एवढी शिकलीस, अन् एक चित्र धाडता येत न्हाई व्हय?"

५. राउटर बदलल्यापासून केंद्राच्या वहीत अकरा बाळांपुढे 'पाठविले' लिहिले आहे. डॉक्टरांकडे विचारले, एकाचीही चित्रफीत पोहोचलेली नाही. त्यातल्या एका नावावर आता लाल रेघ आहे. सहादेवना कारण विचारले, तर त्यांनी वही मिटली.

६. काल दूध पिताना संस्कृतीचे ओठ जांभळे पडले. त्याच वेळी मोबाईलवर आपला संदेश आला : 'तक्रार निकाली.'

तरी राउटरला ग्राह्य पत्ता द्यावा, किंवा आजच्या आज पॅकेटचा आकार तरी कमी करावा, आणि तपासणी पिंगने न करता संस्कृतीच्याच फायलीने करावी. गुरुवारी दुपारपर्यंत चित्रफीत पोहोचली नाही, तर शुक्रवारी पहाटे मी संस्कृतीला घेऊन सावेडीला निघेन. ती एवढ्या वाटेत तग धरेल का, हे सांगणारे तेव्हा कोणी नसेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
राजेश्वरी अंगद लहामगे
राजूर, ता. अकोले
दि. ११/११/२०२५

सोबत : फायलींच्या चाचणीचा तक्ता, वहीच्या पानाचा फोटो.