वाफेत सुचलेली स्तुती

ती. आईस, प्रभूच्या शांतीत लेकीचा सलाम.

आम्ही दोघं नवराबायको खुशाल आहोत. माझे हात जरा सोलवटलेत, पण दवाखान्याच्या धुलाईखान्यात सगळ्यांचेच सोलवटतात, काळजी करू नकोस.

बाळ गेल्यापासून मी गायचं सोडलं होतं, तुला ठाऊकच आहे. देवळात रविवारच्या उपासनेला नुसती उभी राहायचे. काल चादरी वाळवताना खोलीभर वाफ होती. त्यात खिडकीतून ऊन आलं आणि सगळं पांढरं, तरंगतं दिसू लागलं. तेव्हा मनात आलं, ज्याने मला तारलं, त्याच्याच कुशीत माझं बाळ आहे. आणि आई, मी गायला लागले! चांगली मोठ्यांदा, प्रभूची स्तुती!

इस्त्रीवाल्या मावशी इस्त्री बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, एवढा आवाज कुठे लपवला होतास?" मग त्याही गायल्या. त्यांचा सूर जरा इकडेतिकडे जातो, पण प्रभू सांभाळून घेतो.

बाबांचा खोकला कमी झाला का? खरं सांग. रविवारी मी देवळात मंडळीपुढे गाणार आहे. त्या वेळी तुम्हीही घरी गा. आपल्याला एकमेकांचं ऐकू येणार नाही, पण ज्याच्यासाठी गायचं, त्याला दोन्हीकडचं ऐकू येईल.

तुझी,
पुन्हा गाऊ लागलेली लेक